लस, कुंपण आणि जागल

गेल्या हिंवाळ्यांत गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील केशोरी या गांवीं व्याख्यानाच्या निमित्तानें आमचें जाणें झालें. धानाची कापणी उरकली होती, बांध्या रिकाम्या झाल्या होत्या आणि झाडीपट्टींतील नाटकांचा हंगाम ऐन भरांत होता. तेव्हां आमच्या व्याख्यानास फारशी मंडळी जमेल अशी अपेक्षा नव्हती. तथापि शाळेचा वर्ग भरला. 'एड्सवर लस कां निघत नाहीं?' हा विषय तेथील शिक्षकमंडळींनीं ठरविला होता, आणि शास्त्राचे ठरलेले वक्ते ऐन वेळीं येऊं न शकल्यामुळें वाङ्मयाच्या अध्यापकावर ही कामगिरी येऊन पडली होती. या विषयावरचे जे मराठी लेख हातीं लागले ते आम्हीं वाचले, टांचणें काढलीं आणि त्यांच्या आधारानें भाषण केलें.

शरीर हा किल्ला, पांढऱ्या पेशी हें सैन्य, रोगजंतु हा शत्रु आणि लस ही त्या सैन्याची रंगीत तालीम, असें जें चित्र त्या लेखांतून आम्हांला मिळालें होतें तेंच आम्हीं श्रोत्यांपुढें मांडलें. बोलण्याच्या ओघांत, टी-पेशींना जागविणारी नवी लस रोगाला दारांतच अडविणार नाहीं, आंत शिरल्यावर आवरील, असेंही एक वाक्य आम्ही बोलून गेलों. तें ऐकून गांवांत आरोग्याचें काम करणाऱ्या एका बाईंनीं विचारलें, "लस घेऊनही रोग आंत शिरणार असेल, तर तिला लस कां म्हणायचें?" आम्ही निरुत्तर झालों. आमच्या वतीनें मागच्या बांकावरील एका वृद्ध शेतकऱ्यानें उत्तर दिलें, "कुंपन नसन तं जागल करा लागते जी." वर्गांत हंशा पिकला आणि आमची सुटका झाली.

सभा संपल्यावर मात्र एक मध्यम वयाचे गृहस्थ मंडळी पांगेपर्यंत थांबून राहिले आणि हलक्या आवाजांत म्हणाले, "सर, ही लस आमच्यासारख्यांच्या कामाची असेल का?" 'आमच्यासारख्यांच्या' या एका शब्दांत सगळें आलें होतें. आम्ही म्हणालों, "येईल, लौकरच येईल." ते कांहीं न बोलतां निघून गेले. परतीच्या वाटेवर आमच्या ध्यानांत आलें कीं, आपण त्यांच्या प्रश्नाचें उत्तर दिलेंच नाहीं, आणि जें दिलें तें खरें नव्हतें. हा लेख म्हणजे त्या खोट्या उत्तराची भरपाई होय. ज्या लेखांवर विसंबून आम्ही बोललों त्यांचें परीक्षण करण्याचा येथें विचार आहे. कारण दोष वैद्यकाच्या अज्ञानाचा होताच, पण त्याहून अधिक तो भाषेचा होता, आणि भाषेच्या दोषांची चिकित्सा करणें हा तर आमचा व्यवसायच आहे. कोणा एका लेखकाचें नांव आम्ही घेत नाहीं. हे दोष एकाचे नसून सर्वांचे आहेत, आणि केशोरीच्या त्या सभेपासून ते आमचेही आहेत.

पहिली गोष्ट 'लस' या शब्दाची. मूळ अर्थानें लस म्हणजे फोडांतून पाझरणारा चिकट द्राव. इ. स. १७९६ मध्यें जेन्नरनें गाईच्या देवीच्या फोडांतील असा द्राव टोंचून देवीचा प्रतिबंध करून दाखविला, आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस तो टोंचण्यांत आला. भारतांत लागू पडलेली ती पहिली लस. तेव्हांपासून १९८० सालीं देवीचें जगांतून उच्चाटन झाल्याचें जाहीर होईपर्यंत 'टोंचलें कीं भीति गेली' हा अर्थ त्या शब्दाला इतका चिकटून बसला कीं, दुसरा अर्थ आमच्या कल्पनेंतच येत नाहीं. पण देवीच्या बाबतींत निसर्गानेंच अर्धें काम करून ठेविलें होतें. त्या दुखण्यांतून जो वांचला त्याला बहुधा तें पुन्हां होत नसे. लसीनें निसर्गाचा तोच धडा दुखण्यावांचून शिकविला. एच्. आय्. व्ही.च्या बाबतींत गिरविण्यासारखा धडाच नाहीं. औषधावांचून या विषाणूस शरीरांतून समूळ घालविल्याचीं उदाहरणें जवळजवळ नाहींत. विषाणु १९८३ मध्यें पॅरिस येथें सांपडला. १९८४ मध्यें अमेरिकेच्या आरोग्यखात्याच्या प्रमुख बाईंनीं दोनएक वर्षांत लस चांचणीस तयार होईल अशी आशा जाहीर केली. त्या आशेला चाळीस वर्षें उलटून गेलीं. आमचे लेखक ही हकीकत सांगतात आणि शास्त्राच्या अपयशाबद्दल हळहळतात. देवी आणि एड्स यांमधील हा मूळ भेद मात्र सांगत नाहींत.

केशोरीच्या त्या बाईंच्या प्रश्नाचें उत्तर वर्गांतील बहुतेकांच्या दंडावर होतें. बी. सी. जी.चा तो वण पाहावा. क्षयाची ही लस मुख्यतः टी-पेशींच्या द्वारेंच काम करते. क्षयाचे जंतु शरीरांत शिरूंच नयेत अशी हमी ती देत नाहीं. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिनें होणारें रक्षण बेताचेंच असतें. पण तान्ह्या मुलांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगांत पसरणारा क्षय यांपासून ती पुष्कळ अंशीं वांचविते. तिला लस म्हणण्यास कोणाची हरकत नसते. रोगाला आंत येऊं न देणें हें एक रक्षण, आणि आंत आलेल्याला माजूं न देणें हें दुसरें रक्षण. मराठींत दोहोंनाही एकच शब्द आहे. म्हणून तो वापरतांना आपल्याला कोणतें रक्षण अभिप्रेत आहे हें लेखकानें सांगितलेंच पाहिजे. त्या शेतकऱ्यानें एका वाक्यांत हाच भेद केला होता. रानडुकरें बांधींत शिरूं नयेत म्हणून कुंपण घालतात. कुंपण टिकत नसेल तर माळ्यावर बसून रात्रभर जागल करतात. प्रतिपिंड म्हणजे कुंपण, आणि टी-पेशी म्हणजे जागल.

येथें कुंपण कां टिकत नाहीं? प्रतिपिंड रक्तांत फिरतात आणि विषाणूच्या बाहेरच्या आवरणाला चिकटून त्याला निकामी करतात. पण हा विषाणु आपलें आवरण सतत पालटतो, आणि त्यावर शर्करेचें दाट पांघरूण घेऊन वावरतो. असे प्रतिपिंड उत्पन्न करण्याच्याच हेतूनें केलेली लस २००३ सालीं मोठ्या चांचण्यांत निष्फळ ठरली. टी-पेशींची रीति निराळी आहे. शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशी आपल्या आंत घडत असलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर, जणूं फळीवर, मांडून ठेविते. मारक टी-पेशी या फळ्या चांचपीत हिंडते. परका तुकडा लागला कीं, ही पेशी आतां विषाणूचा कारखाना झाली आहे हें ओळखून ती तिचा नाश करते. आवरण कितीही बदललें तरी विषाणूच्या गाभ्यांतील प्रथिनें तितक्या सहजीं बदलत नाहींत, म्हणून या मार्गाची आशा.

आशेला आधारही आहे. संसर्गानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत रक्तांतील विषाणूंची संख्या शिगेला पोहोंचते, आणि मारक पेशी प्रकट झाल्या कीं ती उतरूं लागते. १९९९ मध्यें माकडांच्या शरीरांतून या पेशी तात्पुरत्या नाहींशा केल्यावर दबलेले विषाणु उसळून वाढले असें दिसून आलें. शंभरांत एकापेक्षांही कमी रोगी औषधावांचून वर्षानुवर्षें विषाणूला दाबून ठेवितात; त्यांच्यांत बी-५७ आणि बी-२७ या आनुवंशिक खुणा असणाऱ्यांचें प्रमाण अधिक आढळतें, आणि या खुणा म्हणजे तुकडे मांडण्याच्या त्या फळ्यांचेच प्रकार होत. इतका पुरावा असतांना टी-पेशींचा सिद्धान्त हवेंतला होता असें कोणी म्हणूं नये.

आतां युद्धाच्या रूपकाकडे वळूं. आम्हीं वाचलेल्या लेखांपैकीं एकही या रूपकावांचून नव्हता. तें सोपें आहे, वाचकाला आवडतें, आणि शिवकालाच्या आठवणींमुळें मराठी मनाला तर अधिकच भावतें. पण रूपकानें विचार पुढें न्यावा, त्याला आडवें येऊं नये. सैन्य जितकें मोठें तितका किल्ला सुरक्षित, असें या रूपकावरून कोणीही समजेल. प्रत्यक्षांत काय झालें तें पाहावें. सर्दीच्या एका विषाणूवर एच्. आय्. व्ही.चीं तीन जनुकें चढवून अमेरिकेंत एक लस तयार करण्यांत आली, आणि उत्तर व दक्षिण अमेरिका, कॅरिबियन बेटें व ऑस्ट्रेलिया येथील सुमारें ३००० स्वयंसेवकांवर तिची चांचणी झाली. लसीनें बहुतेकांच्या शरीरांत मारक पेशी उत्पन्न केल्या. सैन्य उभें राहिलें. तरीही सप्टेंबर २००७ मध्यें ती चांचणी थांबवावी लागली. कारण लसीनें रक्षण तर झालें नाहींच, उलट ज्या पुरुषांची सुंता झालेली नव्हती आणि ज्यांच्या रक्तांत सर्दीच्या त्या विषाणूचे प्रतिपिंड आधींपासून होते, त्यांच्यांत लस घेतलेल्यांनाच संसर्ग अधिक झाला.

युद्धाच्या रूपकांत या घटनेला जागाच नाहीं. ती समजून घ्यावयाची तर टी-पेशींचा दुसरा वर्ग ध्यानीं घेतला पाहिजे. मारक पेशींना इशारा देणाऱ्या आणि प्रतिपिंड घडविण्यास साह्य करणाऱ्या ज्या मदतनीस टी-पेशी, त्यांच्यांतच हा विषाणु घर करतो. आणि जागृत झालेली मदतनीस पेशी त्याला झोपलेल्या पेशीपेक्षां अधिक मानवते. तेव्हां लसीनें जागविलेल्या पेशी कांहीं जणांच्या अंगीं विषाणूला आयत्याच मिळाल्या असाव्यात, असा एक तर्क आहे. शिवाय हा विषाणु आपली प्रत पेशीच्या जनुकद्रव्यांतच शिवून टाकतो आणि वर्षानुवर्षें निपचित पडून राहतो. त्या काळांत फळीवर परका तुकडा दिसतच नाहीं. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर, हें डुक्कर जागल्याच्याच झोंपडींत शिरतें आणि तेथें त्याचेंच घोंगडें पांघरून निजतें. म्हणजे जागलीचें रूपकही येथें अपुरें पडतें, हें आम्ही मान्य करतों. कोणतेंही रूपक कोठें तरी मोडतें. तें कोठें मोडतें हें वाचकाला सांगावयाचें, कीं मोडलेल्या जागेवर रंग फांसावयाचा, यावरून शास्त्रीय लेखकाची पारख होते.

केवळ लेखकांनाच बोल लावून चालणार नाहीं. शास्त्रज्ञांच्या हातूनही वाङ्मयांतल्यासारखीच एक चूक झाली. जें मोजतां येतें तेंच महत्त्वाचें, असें धरून चालल्यानें कांहीं काळ लसीची परीक्षा तिनें किती टी-पेशी जागविल्या या संख्येवरूनच मुख्यतः होत असे. त्या पेशी विषाणूच्या कोणत्या भागाला पकडतात, हा प्रश्न मागें राहिला. आम्हां वाङ्मयाच्या अध्यापकांना यांतलें मर्म पटकन् कळावें. एखाद्या चांगल्या कवितेंतील कांहीं शब्द बदलले तरी तिचें फारसें बिघडत नाहीं. पण कांहीं शब्द असे असतात कीं, ते हलविले तर सारी रचना ढांसळते. विषाणूच्या प्रथिनांचेंही तसेंच आहे. जो तुकडा बदलून विषाणु सुखानें जगूं शकतो, त्यावर मारक पेशींची धाड घालून उपयोग नाहीं. तो बदलून निसटतो. ज्या तुकड्यावर प्रथिनाच्या साऱ्या घडणीचा भार आहे, तो बदलला तर विषाणु स्वतःच पंगु होतो. २०१९ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं प्रथिनांच्या घडणींतील असे मर्मस्थानचे तुकडे हिशेबानें हुडकून काढले, आणि विषाणूला औषधावांचून आवरणाऱ्या रोग्यांच्या मारक पेशी नेमक्या याच तुकड्यांना धरून असतात असें दाखविलें. किती पेशी, हा प्रश्न सोडून कोणत्या जागीं, या प्रश्नाकडे लसीची रचना वळली, ती अशी. आमच्या मराठी लेखांत ही गोष्ट कोठेंच नव्हती, आणि आमच्या मतें साऱ्या विषयांत सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे.

तिसरा दोष आम्हांला सर्वांत अधिक खुपतो. या लेखांत 'प्रयोग झाले', 'चांचण्या घेण्यांत आल्या' अशीं कर्ता हरवलेलीं वाक्यें पानोपानीं आढळतात. ज्यांच्या दंडांत सुई गेली तीं माणसें कोण होतीं? परमुलखांतील नव्हे, पुण्यांतलीं होतीं. १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, आणि भारतांतील एच्. आय्. व्ही. लसीची पहिली चांचणी फेब्रुवारी २००५ मध्यें तिच्याच विद्यमानें सुरू झाली. आपल्या देशांत मुख्यतः आढळणाऱ्या 'सी' या उपप्रकाराचीं जनुकें एका निरुपद्रवी विषाणूवर चढवून ती लस केली होती. ती घेण्यास ३० निरोगी स्त्रीपुरुष स्वेच्छेनें पुढें आले. लस सुरक्षित ठरली, पण तिनें टी-पेशी फारशा जागविल्या नाहींत. २००६ मध्यें चेन्नईस ३२ जणांवर दुसऱ्या लसीची चांचणी झाली. तिचा परिणाम अधिक चांगला दिसला. पुढें पुणें आणि चेन्नई या दोन्ही ठिकाणीं मिळून आणखी ३२ जणांनीं, आधीं जनुकद्रव्याची लस आणि मागाहून विषाणुवाहित लस, अशा जोडपद्धतीच्या चांचणींत भाग घेतला. तिचे निष्कर्ष २०१३ मध्यें प्रसिद्ध झाले. यांपैकीं एकही लस बाजारांत आली नाहीं.

तर मग त्या माणसांनीं केलें तें वायां गेलें काय? वॉल्डेमार हाफकिन यानें १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली, ही कथा आम्ही अभिमानानें सांगतों. पुण्याच्या त्या तीस जणांची कथा कोणी सांगत नाहीं. अशा लसींत जिवंत एच्. आय्. व्ही. नसतो, त्यामुळें लसीपासून एड्स होण्याचा संभव नाहीं. पण लस घेतल्यामुळें पुढें साध्या रक्ततपासणींत खोटाच होकार येण्याचा संभव असतो, आणि आपल्या समाजांत अशा होकाराचा अर्थ काय होतो हें केशोरीच्या त्या गृहस्थांच्या हलक्या आवाजावरून आम्हांला कळलें आहे. हें सारें पत्करून जे पुढें आले त्यांना कांहीं लेखांतून 'प्रयोगाचे उंदीर' म्हटलें गेलें. हा केवळ भाषेचा गाफीलपणा नव्हे, अन्याय आहे. उंदराला कोणी संमति विचारीत नाहीं.

आजची स्थिति काय, तेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. थायलंडमध्यें सोळा हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चांचणींत २००९ सालीं सुमारें ३१ टक्के रक्षण दिसलें; पण त्याचें श्रेय मारक पेशींपेक्षां प्रतिपिंडांकडे अधिक जातें. त्याच धर्तीची लस दक्षिण आफ्रिकेंत निरुपयोगी ठरून २०२० मध्यें चांचणी थांबली. निरनिराळ्या उपप्रकारांचे तुकडे गोधडीसारखे जोडून केलेल्या लसीही २०२१ मध्यें आफ्रिकेंत आणि २०२३ मध्यें अमेरिका-युरोपांत अपयशी ठरल्या. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेंतील ऑरेगन येथें माकडांवर झालेले प्रयोग विलक्षण आहेत. शरीरांत जन्मभर मुरून राहणाऱ्या एका विषाणूवर लस चढविली असतां, सुमारें निम्म्या माकडांनीं आंत शिरलेला रोगविषाणु प्रथम आवरला आणि पुढें जवळजवळ निपटून काढला. वाहक विषाणु शरीरांतून जात नाहीं, म्हणून टी-पेशींना झोंप लागत नाहीं; शब्दशः जागल ती हीच. माणसांत मात्र ही किमया अद्याप सिद्ध झालेली नाहीं. बहुतेक जाणत्यांचें मत आतां असें दिसतें कीं, केवळ कुंपण किंवा केवळ जागल पुरणार नाहीं, दोन्ही लागतील.

सामान्य वाचकांना इतका तपशील झेपत नाहीं, त्यांना किल्ला आणि सैन्यच सांगावें, असा आक्षेप आमच्यावर येईल. आमचा अनुभव उलट आहे. त्या वर्गांत विषय ज्याला सर्वांत कमी कळला होता तो माणूस व्यासपीठावर होता. श्रोत्यांना रान, पीक, चोरवाट आणि रात्रभराचें जागरण हीं सारीं ठाऊक होतीं. त्यांना हवी होती ती खरी हकीकत. सोपें लिहिणें आणि खोटें लिहिणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढेंच आमचें या लेखकांना, आणि आधीं स्वतःला, सांगणें आहे.

असो. त्या गृहस्थांचें उत्तर अजून द्यावयाचें राहिलें आहे. एच्. आय्. व्ही.वर मान्यता मिळालेली लस आज एकही नाहीं. न झालेल्यांसाठीं नाहीं, आणि झालेल्यांसाठींही नाहीं. झालेल्यांच्या टी-पेशी नव्यानें शिकवून तयार कराव्या आणि रोजच्या औषधावांचून विषाणु आवरावा, असे प्रयत्न चालू आहेत. पण त्यांच्या भरंवशावर कोणीही एक दिवससुद्धां औषध सोडूं नये. तें औषध २००४ पासून सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतें. तें नियमित घेतल्यानें रक्तांतील विषाणु मोजणींत न येण्याइतका उतरला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून तो दुसऱ्याला जात नाहीं, आणि माणूस आपलें आयुष्य जगतो. ज्यांना संसर्ग झालेला नाहीं त्यांच्यासाठीं वर्षांतून दोनदां टोंचावयाचें एक नवें औषध निघालें आहे. २०२४ मध्यें आफ्रिकेंतील चांचणींत तें घेतलेल्या दोन हजारांहून अधिक तरुण स्त्रियांपैकीं एकीलाही संसर्ग झाला नाहीं. ती लस नव्हे, पण तिचें काम तूर्त तें करीत आहे.

हें आम्हीं त्या संध्याकाळीं सांगावयास हवें होतें. या अंकाची एक प्रत केशोरीच्या शाळेस पाठवावी, अशी आम्हीं संपादकांस विनंती केली आहे.